नामवंतांची पत आणि नवोदितांचा चित्रपट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील विख्यात अभिनेते व दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्ड यांचे वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, रोहन परशुराम कानवडे या तरुण दिग्दर्शकाचा 'साबर बोंडं' हा पहिला पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत लागला. वृत्तपत्रांनी या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या, आणि वरवर पाहता ते योग्यही होते. परंतु या दोन घटनांना जोडणारा एक धागा आहे. रेडफर्ड यांनी ज्या सनडान्स संस्थेसाठी आयुष्याची चार दशके खर्च केली, तिच्याच महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये 'साबर बोंडं'ला जागतिक कथाचित्रपट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. या महोत्सवात दाखल झालेला हा पहिला मराठी कथाचित्रपट.

आजच्या विषयाचा आरंभ येथूनच करणे सोयीचे आहे. चित्रपटसृष्टीतील नामवंत माणसे नवोदितांच्या पाठीशी उभी राहतात, एखाद्या स्वतंत्र महोत्सवाला आपले नाव देतात, तेव्हा नेमके काय घडते? त्याला दातृत्व म्हणावे, की प्रसिद्धीची हौस, की समाजाचे देणे? आणि त्या नावाच्या आधारावर उभे राहिलेले काम, ते नाव काळाच्या पडद्याआड गेल्यावर टिकते काय?

ज्या राज्यात शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि कामगाराच्या कंत्राटीकरणाचा प्रश्न उभा आहे, तेथे चित्रपट महोत्सवांची चर्चा ही चैन आहे, असा आक्षेप कोणी घेईल. हा आक्षेप प्रामाणिक असतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. खेड्यातला आणि वस्तीतला माणूस आज पुस्तकापेक्षा पडद्यावरून जग पाहतो. त्या पडद्यावर कोणाचे आयुष्य दिसावे, कोणाच्या दुःखाची कथा व्हावी आणि कोणाला केवळ गर्दीत उभे करावे, हे ठरविण्याचा अधिकार मूठभर भांडवलदारांच्या हाती असेल, तर तो सत्तेचाच प्रश्न आहे. सत्तेचा प्रश्न कार्यकर्त्याला परका असू शकत नाही.

पत म्हणजे काय?

प्रथम या व्यवसायाचे अर्थशास्त्र पाहू. चित्रपटाचा जवळजवळ सगळा खर्च पहिला प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. धान्य विकले गेले नाही तर ते गोदामात ठेवता येते, यंत्र पडेल भावाने का होईना विकता येते. पडलेल्या चित्रपटाला मात्र दुसरा ग्राहक सहसा मिळत नाही. शिवाय हा माल घेण्यापूर्वी पारखून पाहता येत नाही. चित्रपट चांगला की वाईट, हे तिकीट काढून, पाहून झाल्यावरच कळते. म्हणून भांडवल पुरविणारा, वितरक आणि चित्रपटगृहाचा मालक हे तिघेही एखादी ओळखीची खूण शोधत असतात. ती खूण म्हणजे प्रसिद्ध नटाचे नाव. या नावाला बाजारात जी किंमत असते, तिला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : पत.

नवोदिताजवळ नेमकी हीच वस्तू नसते. त्याच्याजवळ कथा असते, कसब असते, श्रम करण्याची तयारी असते. परंतु सहकारी पतपेढीच्या दारात उभ्या राहिलेल्या भूमिहीन मजुरासारखी त्याची स्थिती असते. तारण नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून तारण कधी निर्माण होत नाही. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी पतपेढी जामीनदार मागते. नामवंत कलावंत नवोदिताच्या चित्रपटाला आपले नाव देतो, तेव्हा तो जामीन राहिलेला असतो. बुडाले तर त्याच्या नावालाही थोडा बट्टा लागणार असतो.

परंतु ही पत मुळात आली कोठून? नटाचे गुण त्याचे स्वतःचे, हे खरे. तथापि त्या गुणांची पत झाली ती लाखो सामान्य माणसांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून काढलेल्या तिकिटांमुळे. गिरणीतल्या कामगाराने, कारकुनाने, शेतमजुराने आठ-आठ आणे मोजले, म्हणून एखादे नाव मोठे झाले. अर्थात नामवंतांची पत ही काही अंशी समाजाची ठेव आहे. तिचा काही भाग नव्या माणसांसाठी खर्च करणे याला उपकार म्हणण्यापेक्षा परतफेड म्हणणे अधिक उचित ठरेल.

एक संस्था कशी उभी राहिली

आता रेडफर्ड यांचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहू. १९६९ च्या 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' या चित्रपटाने ते जगभर पोचले. त्यातील आपल्या भूमिकेचेच नाव त्यांनी यूटा राज्याच्या डोंगरांत घेतलेल्या आपल्या जमिनीला दिले. १९७८ मध्ये याच राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटी येथे, एक चित्रपट महोत्सव सुरू झाला. तो चालविणारी माणसे वेगळी होती. रेडफर्ड यांनी त्याच्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारले होते. १९८१ मध्ये हा महोत्सव पार्क सिटी या बर्फावरील खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या लहानशा गावी हलला.

त्याच वर्षी रेडफर्ड यांना 'ऑर्डिनरी पीपल' या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. हॉलिवुडमध्ये त्यांची पत तेव्हा शिखरावर होती. अशा वेळी बहुतेक माणसे पुढच्या मोठ्या चित्रपटाचा करार करतात. रेडफर्ड यांनी १९८१ च्या उन्हाळ्यात दहा नवोदितांना आपल्या डोंगरातल्या जागेवर बोलावून एक कार्यशाळा भरविली आणि सनडान्स इन्स्टिट्यूट ही नफा न कमावणारी संस्था स्थापन केली. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. या संस्थेच्या उभारणीत अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय कलानिधीचाही हातभार होता. केवळ खासगी औदार्याची म्हणून जी कथा सांगितली जाते, तिच्या पायाशी सार्वजनिक पैसाही आहे.

कार्यशाळेची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. नवोदित आपली पटकथा घेऊन येतो. अनुभवी लेखक, दिग्दर्शक, नट त्याच्याबरोबर बसून ती तपासतात. मग तो कथेतले काही प्रसंग नटांकडून करवून घेतो, त्यांचे चित्रण करतो, आणि त्यावर चर्चा होते. हे चित्रण विकण्यासाठी नसते. येथे चूक करण्याची मुभा असते, आणि बाजारात नेमकी हीच मुभा गरीब माणसाला कधी मिळत नाही. श्रीमंत निर्मात्याचा एक चित्रपट पडला तर दुसरा येतो. घर गहाण टाकून काढलेला पहिला चित्रपट पडला, तर दिग्दर्शकाचे आयुष्यच पडते. कार्यशाळेने चुकांची किंमत स्वस्त केली.

चार वर्षांनी, १९८५ मध्ये, संस्थेने तो महोत्सवही चालविण्यास घेतला, आणि १९९१ पासून तो सनडान्स या नावाने ओळखला जाऊ लागला. नवोदिताला शिकविणारी जागा आणि त्याचे काम जगापुढे ठेवणारी जागा, या दोन्ही एका संस्थेच्या छत्राखाली आल्या. शिवाय महोत्सवातील पारितोषिके परीक्षक आणि प्रेक्षक देतात. संस्थापकाच्या मर्जीवर ती अवलंबून नाहीत. जामीनदाराने आपले नाव संस्थेच्या खात्यावर जमा केले आणि निवडीचा अधिकार सोडून दिला, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

या प्रयोगाची कमाई

याची फळे दिसू लागली. १९८९ मध्ये स्टीव्हन सोडरबर्ग या २६ वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' हा सुमारे १२ लाख डॉलरांत झालेला चित्रपट तेथे प्रेक्षकांच्या पसंतीस उतरला, त्याच वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याने मिळविले, आणि एकट्या अमेरिकेत दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न त्याला झाले. क्वेंटिन टॅरंटिनो यांनी 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'ची उजळणी १९९१ च्या कार्यशाळेत केली. तेथे त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत टेरी गिलियम हे प्रसिद्ध दिग्दर्शक होते.

परंतु कार्यकर्त्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची उदाहरणे दुसरी आहेत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हॉलिवुडने कित्येक दशके केवळ घोड्यावरून ओरडत येणारे शत्रू म्हणून दाखविले. सनडान्सने आरंभापासून या समाजातील लेखक-दिग्दर्शकांना जागा दिली. त्यांतूनच क्रिस एअर यांचा 'स्मोक सिग्नल्स' १९९८ मध्ये पुढे आला. लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट असे सारे मूळ रहिवासी असलेला हा चित्रपट त्या महोत्सवात प्रेक्षकांच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला.

दुसरे उदाहरण रायन कूगलर यांचे. १ जानेवारी २००९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी ऑस्कर ग्रँट या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला रेल्वे पोलिसाने फलाटावर गोळी घालून ठार केले. त्या तरुणाच्या अखेरच्या दिवसावर कूगलर यांनी पटकथा लिहिली. सनडान्सच्या कार्यशाळेत ती घडली, आणि फॉरेस्ट व्हिटेकर हे ऑस्कर विजेते अभिनेते निर्माते म्हणून तिच्यामागे उभे राहिले. दहा लाख डॉलरांहून कमी खर्चात झालेल्या 'फ्रूटव्हेल स्टेशन'ला २०१३ मध्ये परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे अशी दोन्ही सर्वोच्च पारितोषिके मिळाली. पोलिसी अत्याचाराची ही कथा कोणत्या स्टुडिओने स्वतःहून एका अननुभवी तरुणाच्या हाती सोपविली असती? व्हिटेकर यांचे नाव आणि सनडान्सची संस्था, असे दोन जामीनदार मिळाले म्हणून ती पडद्यावर आली.

बाजाराने घातलेला वेढा

इथपर्यंतची कथा उत्साहवर्धक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबता येत नाही. सोडरबर्ग यांच्या चित्रपटाने पैसा मिळविला, तेव्हा भांडवलाचे लक्ष या डोंगरातल्या गावाकडे गेले. त्या चित्रपटाचे वितरण करणारी मिरामॅक्स ही छोटी कंपनी १९९३ मध्ये डिस्नेने विकत घेतली. इतर मोठ्या स्टुडिओंनीही स्वतंत्र चित्रपटांसाठी आपापल्या शाखा काढल्या. ज्यांच्या मक्तेदारीपासून स्वतंत्र व्हायचे, त्यांनीच स्वातंत्र्याचे दुकान मांडले. महोत्सव हा जत्रेबरोबर बाजारही झाला. २०२१ मध्ये 'कोडा' हा चित्रपट अॅपल या बलाढ्य कंपनीने अडीच कोटी डॉलरांना घेतला, आणि पुढच्या वर्षी त्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रपट चांगला होता, यात वाद नाही. परंतु अशा एका सौद्याच्या बातमीखाली शेकडो न विकलेल्या चित्रपटांची हकीकत झाकली जाते.

निवडीचे गणितही पाहा. २०२४ च्या महोत्सवासाठी लघुपट धरून १७ हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतून दाखविले गेलेले पूर्ण लांबीचे चित्रपट शंभरालाही पोचले नाहीत. पतविहीनांसाठी उघडलेल्या दारासमोरच पुन्हा रांग लागली. १९९५ मध्ये नाकारल्या गेलेल्या काही दिग्दर्शकांनी त्याच गावात, त्याच दिवसांत 'स्लॅमडान्स' नावाचा स्वतःचा महोत्सव सुरू केला, तो यामुळेच. त्यांच्या या कृतीत रागापेक्षा शहाणपण अधिक होते.

पत एका व्यक्तीच्या मुठीत राहिली की काय होते, याचाही धडा याच इतिहासात आहे. मिरामॅक्सचा एक संस्थापक हार्वी वाइनस्टाइन हा कित्येक वर्षे स्वतंत्र चित्रपटांचा भाग्यविधाता समजला जात होता. २०१७ मध्ये अनेक स्त्रियांनी त्याच्या अत्याचारांना वाचा फोडली, आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. ज्या क्षेत्रात एका माणसाच्या होकार-नकारावर नवोदितांचे सारे भवितव्य ठरते, तेथे आश्रयदाता आणि शोषक यांच्यातील अंतर फार थोडे असते. म्हणूनच नामवंतांचा पाठिंबा हवा. मात्र तो नियमांनी बांधलेल्या, हिशेब देणाऱ्या संस्थेमार्फत हवा.

रेडफर्ड यांना हे उमगले होते असे मानण्यास जागा आहे. महोत्सवाला आलेल्या झगमगाटाविषयी आणि तेथे घुसलेल्या जाहिरातबाजीविषयी त्यांनी नाराजी लपविली नाही. २०१९ मध्ये, हयातीतच, महोत्सवाचा चेहरा म्हणून मिरविण्याचे त्यांनी थांबविले. २०२० च्या अखेरीस डोंगरातली ती मिळकतही त्यांनी विकली. मार्च २०२५ मध्ये संस्थेने जाहीर केले की २०२७ पासून महोत्सव यूटा सोडून कॉलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरी भरेल. म्हणजे संस्थापक गेला, गाव बदलले, तरी संस्था चालू आहे.

या स्थलांतरामागचे आकडेही बोलके आहेत. २०२४ च्या महोत्सवाने यूटा राज्याच्या अर्थव्यवस्थेत सुमारे १३ कोटी डॉलरांची भर घातली असा अंदाज प्रसिद्ध झाला होता. कॉलोरॅडोने महोत्सव आपल्याकडे आणण्यासाठी दहा वर्षांत ३ कोटी ४० लाख डॉलरांच्या करसवलतींची तयारी दाखविली. सरकारने कलेत हात घालू नये असे सांगणाऱ्या देशात राज्य सरकारे महोत्सवासाठी स्पर्धा करतात. सार्वजनिक पैशाशिवाय कोणताही कलाव्यवहार तगत नाही; तो पैसा उघडपणे, हक्काने द्यायचा की करसवलतीच्या आडून, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडची परंपरा

हे सारे अमेरिकेत घडले, म्हणून ते आपल्याला शिकवायला हवे असे मुळीच नाही. चित्रपट उद्योगाची चौकशी करण्यासाठी १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, चित्रपटांना कर्ज देणारी सरकारी संस्था असावी अशी शिफारस १९५१ मध्येच केली होती. तीतून १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' (१९६९) आणि मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९७०) हे त्याच पैशावर झाले. त्याही आधी 'पथेर पांचाली' (१९५५) पूर्ण झाला तो पश्चिम बंगाल सरकारच्या पैशामुळे. पत नसलेल्या सत्यजित राय यांना तेव्हा सरकार जामीन राहिले.

१९७६ चा 'मंथन' तर सर्वांच्या परिचयाचा आहे. गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून दहा लाख रुपये उभे केले. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शन केले, पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि स्मिता पाटील त्यात होत्या. दुरुस्त केलेली त्याची प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविली गेली. पाच लाख लहान जामीनदार मिळून एका मोठ्या जामीनदाराचे काम करू शकतात, याचा हा पुरावा आहे.

नामवंतांच्या पतीचे निधीत रूपांतर कसे करावे, याचाही धडा महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी गावोगाव 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. प्रेक्षकाने नटाला पाहण्यासाठी तिकीट काढले. नटाने तो पैसा ज्यांना कोणी तिकीट काढून पाहत नाही अशांच्या हाती दिला. डॉ. लागू आणि निळूभाऊ दोघेही आज नाहीत, परंतु त्यांनी घालून दिलेली रीत अजून समोर आहे. पतीची रोकड करावी, रोकडीची ठेव करावी, आणि ठेवीवर कोणा एकाचे नाव राहू देऊ नये, अशी ती रीत.

याउलट मुंबईच्या महोत्सवाचा अनुभव पाहा. हृषीकेश मुखर्जी यांच्यासारख्या चित्रपटकारांनी पुढाकार घेऊन १९९७ मध्ये तो सुरू केला. पुढे त्याचा खर्च मोठ्या प्रायोजकांवर विसंबू लागला. २०१४ मध्ये प्रायोजक निघून गेला तेव्हा चित्रपटसृष्टीतील मंडळींनी आणि सामान्य प्रेक्षकांनी वर्गणी काढून महोत्सव वाचविला. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे या नवोदिताच्या 'कोर्ट' या चित्रपटाला तेथे आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचे गाणे जबाबदार धरणाऱ्या न्यायव्यवस्थेची ती कथा. महोत्सव वाचला नसता, तर आपल्याच शहरात तिला हा मान मिळाला नसता. परंतु वर्गणीची ती ऊब कायमच्या निधीत साठविली गेली नाही. पुन्हा प्रायोजक आले, पुन्हा गेले, आणि २०२५ चा महोत्सव भरलाच नाही. ज्या वर्षी एका मराठी नवोदिताने सनडान्स जिंकले, त्याच वर्षी मुंबईला आपला महोत्सव भरविता आला नाही, ही विसंगती बोचल्याशिवाय राहत नाही.

'साबर बोंडं'चा प्रवास

कानवडे हे मुंबईच्या वस्तीत वाढलेले, मोटारचालकाचे पुत्र. त्यांच्या चित्रपटाची कथा साधी आहे. वडील वारले म्हणून मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, लग्न कधी करणार हा नातेवाइकांचा प्रश्न झेलतो, आणि बालपणीचा शेतकरी मित्र बाळ्या याच्या सहवासात त्याच्या दुःखाला आणि प्रेमाला वाट मिळते. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही कथा गावच्या मातीत, आईच्या समजूतदारपणाच्या सावलीत घडते. साबर म्हणजे निवडुंग. त्याची बोंडे बाहेरून काटेरी आणि आतून गोड.

या चित्रपटालाही अनेक जामीनदार लागले. व्हेनिस महोत्सवाच्या नवोदितांसाठीच्या कार्यशाळेत त्याची जडणघडण झाली. अभिनेते जिम सर्भ सहनिर्माते झाले. भारतातील प्रदर्शनाच्या वेळी नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, विक्रमादित्य मोटवाने आणि निखिल अडवाणी यांनी कार्यकारी निर्माते म्हणून आपली नावे दिली, आणि राणा दग्गुबाती यांच्या संस्थेने वितरण हाती घेतले. मंजुळे यांची पत तर स्वतः 'फँड्री'सारख्या चित्रपटातून, उपेक्षितांच्या कथेतून आलेली. ती पुढच्या नवोदितासाठी वापरली गेली, हे फार अर्थपूर्ण आहे.

तथापि नावे देऊन खुर्च्या भरत नाहीत. आजच्या चित्रपटगृहांत पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी चित्रपटाचे भवितव्य ठरते. गर्दी झाली नाही की खेळ अडचणीच्या वेळी ढकलले जातात, मग बंद होतात, आणि चित्रपटाची वार्ता तालुक्याच्या गावी पोचण्यापूर्वीच तो उतरलेला असतो. नामवंतांची पत चित्रपटाला दारापर्यंत आणते. दारातून आत येण्याचे काम प्रेक्षकांचे आहे.

करावयाचे काम

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट : नामवंतांकडे नावाबरोबर निधी आणि वेळ मागितला पाहिजे. उद्घाटनाची फीत कापणे सोपे आहे. आठ दिवस नवोदितांबरोबर बसून त्यांच्या पटकथा वाचणे कठीण आहे, आणि नवोदिताला खरी गरज त्याचीच असते. जो निधी जमेल त्याचा काही हिस्सा दरवर्षी राखीव ठेवला गेला पाहिजे. सहकारी संस्था चालविणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट सार्वजनिक आधाराची. फ्रान्समध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट केंद्र प्रत्येक तिकिटावरील १०.७२ टक्के आकारातून चित्रपटांना साहाय्य करते. हॉलिवुडच्या महागड्या चित्रपटाचे तिकीट काढणारा फ्रेंच प्रेक्षकही नकळत आपल्या देशातील नवोदिताला हातभार लावतो. यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. गल्लाभरू चित्रपटाच्या कमाईतला लहानसा वाटा नव्या चित्रपटाकडे वळविणारी अशी व्यवस्था महाराष्ट्रात का असू नये, हा प्रश्न विधिमंडळात आणि बाहेर विचारला गेला पाहिजे. अनुदानाची निवड करणारी समिती स्वायत्त असावी आणि तिने आपल्या निर्णयाची कारणे प्रसिद्ध करावीत, हेही त्याबरोबरच आले.

तिसरी गोष्ट कार्यकर्त्यांच्या हातातली आहे. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी १९६८ पासून मुंबईत चित्रपट पाहण्याची आणि त्यावर बोलण्याची सवय लावली. ती चळवळ तालुक्याच्या गावी पोचली पाहिजे. वाचनालयाचे सभागृह, शाळेचा मोठा वर्ग, युनियनचे कार्यालय यांपैकी काहीही चालेल. महिन्यातून एकदा, हक्कदाराची रीतसर परवानगी व मोबदला देऊन, एखादा नवा चित्रपट दाखवावा आणि दिग्दर्शकाला चर्चेला बोलवावे. शहरातल्यांनी पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढावे. शंभर गावांत शंभर-शंभर माणसे जमली, तर दहा हजार प्रेक्षकांचा एक असा जामीनदार उभा राहतो, जो कोणाच्या निधनाने वा प्रायोजकाच्या माघारीने नाहीसा होत नाही.

रेडफर्ड यांच्याजवळ रूप होते, गुण होते, पैसा होता. यांतले काहीच त्यांना मागे ठेवता आले नसते. मागे राहिली ती संस्था, आणि तिच्या दारातून निघालेल्या नवोदितांची एक लांब ओळ. त्या ओळीत आता मराठी बोलणारा एक माणूस उभा आहे. त्याच्या मागे दुसरा उभा राहावा असे वाटत असेल, तर नावे मोठी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जी पत सामान्य माणसांच्या तिकिटांतून तयार झाली, तिची वसुली करून ती पुन्हा सामान्य माणसांच्या कथांसाठी गुंतविणे, हे काम संघटनेचे आहे. संघटना हा तर कार्यकर्त्यांचा व्यवसायच आहे.